मामांच्या पद्मिनीचं छत

देवरूखला मामांच्या अंगणात प्रीमियर पद्मिनी उभी असते. १९८९ची. इंजिनाचं काम झालेलं, आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं, टायर नवे. तरी दीड वर्ष ती बाजाराच्या पुढे गेली नव्हती, कारण मामींना तिच्यात बसवत नव्हतं. मामींना दमा आहे. काचा वर केल्या की पाच मिनिटांत खोकला सुरू व्हायचा. मामांनी बिडी सोडून तीन वर्षं झाली होती, पण त्याआधीची तीस वर्षं त्यांनी स्टिअरिंगवर बसून बिडी ओढली, आणि तो धूर गाडीच्या आतल्या छताच्या अस्तरात बसला होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे जायचं तर एसटी किंवा भाड्याची गाडी, आणि स्वतःची गाडी अंगणात. मामांना हे फार लागलेलं होतं.

मी गाड्यांचा कारागीर नाही. इचलकरंजीत कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात तेवीस वर्षं काढली. डाग, सूत, आम्ल, अल्कली हे माझं रोजचं काम. जानेवारीत चार दिवसांची रजा घेऊन गेलो, त्यातले साडेतीन दिवस त्या छताखाली गेले. काय केलं, काय चुकलं आणि काय तसंच राहिलं, ते इथे लिहितो. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या पुष्कळांच्या डोक्यावर असंच एक छत आहे.

आधी कोणी काय केलं होतं

दोन वर्षांपूर्वी मामांनी गाडी एका धुलाई केंद्रात दिली होती. तिथल्या पोरानं छतावर कसलं तरी तीव्र क्लीनर फवारलं आणि प्रेशरच्या पाण्यानं आतूनच धुऊन काढलं. दोन दिवस छत पांढरं दिसलं. मग पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत तपकिरी ओघळ उतरले, आणि पावसाळ्यात जुन्या धुराच्या वासात कुबट वास मिसळला. मामींचा त्रास खरा वाढला तो तेव्हापासून.

असं का झालं ते छताची रचना पाहिली की कळतं. पद्मिनीचं छत आजच्या गाड्यांसारखं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं नसतं. या गाडीत ते बारीक भोकांच्या पांढरट रेक्झिनचं आहे. रेक्झिनच्या पाठीला आडव्या पट्ट्या शिवलेल्या आहेत, त्या पट्ट्यांतून तारेच्या सळ्या ओवल्या आहेत आणि सळ्यांची टोकं दोन्ही बाजूंना अडकवली आहेत. म्हणजे सगळं अस्तर तंबूसारखं टांगलेलं असतं. कडा पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली दाबलेल्या. अस्तर आणि पत्रा यांच्यामध्ये पोकळी, आणि पत्र्याला आतून जाड फेल्ट, म्हणजे दाबलेल्या तंतूंची चादर, चिकटवलेलं.

प्रेशरचं पाणी त्या हजारो भोकांतून सरळ फेल्टमध्ये गेलं. फेल्ट स्पंजासारखं पाणी धरून बसलं. तिथे ना वारा ना ऊन. सळ्या गंजल्या, गंज शिवणीतून खाली झिरपला, आणि फेल्टमध्ये बुरशी धरली. वरचा धुराचा जुना चिकटा विरघळून जे थेंब आले, त्यांचे ओघळ झाले. छत धुतलं गेलंच नव्हतं. मळ एका बाजूनं आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला.

गॅरेजमध्ये मामांना सल्ला मिळाला होता की सगळं फाडून नवं रेक्झिन लावा. मामा मलाही म्हणाले, "अरे, बदलूनच टाकू ना, कशाला हात दुखवतोस?" पण नवं लावायचं तर पुढची आणि मागची दोन्ही काचा काढाव्या लागतात. रबरं जुनी, काढताना तुटणार. काच तडकली तर या गाडीची काच मिळवायची कुठून? शिवाय सळ्या कुठल्या क्रमानं होत्या हे चुकलं तर अस्तर कधीच ताठ बसत नाही, कारण छताच्या गोलाईप्रमाणे प्रत्येक सळीचा बाक वेगळा. रेक्झिन कुठेही फाटलेलं नव्हतं. मला वाटलं, आधी स्वच्छ करून पाहावं. बदलण्याचा रस्ता कुठे पळून जात नाही.

पाणी कुठून येतं

पहिला दिवस मी कापडाला हातही लावला नाही. मामा थोडे वैतागले. पण वरून गळती चालू असताना खालून पुसत बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. मी आत बसलो आणि मामांना बाहेरून तांब्यानं, एकेका ठिकाणी, हळूहळू पाणी ओतायला सांगितलं. पुढच्या काचेचं रबर ठीक निघालं. मागचंही ठीक. दारांवरून जी पत्र्याची पन्हाळ जाते, तिच्या डाव्या बाजूला मागच्या भागात पाणी ओतलं तेव्हा आत तीन-चार मिनिटांनी अस्तराच्या कडेला ओल आली.

कारण जुनं होतं. या गाडीवर पूर्वी सामानाचा कॅरियर असायचा. मामा नारळ आणायचे, आंब्याच्या पेट्या न्यायचे. कॅरियरचे क्लँप पन्हाळीलाच आवळतात, आणि भरलेल्या कॅरियरच्या हिसक्यांनी पन्हाळीच्या सांध्यातलं सीलंट दोन ठिकाणी फुटलं होतं. ते खरवडून काढलं, गंज घासला, प्रायमर मारला, नवं सीलंट भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तांब्या घेऊन पाहिलं. कोरडं. मग आतल्या कामाला सुरुवात केली.

व्हायझरखालचा रंग

बॅटरीची एक तार सोडली, आतल्या दिव्याचं झाकण काढलं आणि ड्रायव्हरच्या बाजूचा सन व्हायझर उतरवला. तो वर दुमडलेला असायचा, त्यामुळे त्याच्यामागे धूर पोचलेला नव्हता. तिथे हाताच्या पंजाएवढा तुकडा मूळच्या रंगाचा होता, दुधाच्या सायीसारखा. बाकी सगळं छत कडक चहाच्या रंगाचं. मामा वाकून बराच वेळ बघत होते. "हे असं होतं?" एवढंच म्हणाले.

त्या तुकड्याचा उपयोग दोन प्रकारे झाला. एक म्हणजे कुठवर पोचायचं ते कळलं. दुसरं, प्रत्येक द्रावण आधी तिथल्याच कडेला लावून पाहता आलं.

छतावरचा मळ एकाच जातीचा नव्हता. पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर, धुराचा चिकट थर. मागच्या सीटच्या वर आणि बाजूच्या कडांना डोक्याच्या तेलाचे गोल डाग. सळ्यांच्या शिवणीवर गंजाच्या रेघा. मागच्या डाव्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके, आणि त्यांच्यामध्येच एक फिकट गुलाबी डाग. या पाचही डागांना एकच औषध चालत नाही. धुलाई केंद्रातल्या पोराची चूक हीच होती की त्यानं सगळ्याला एकच फवारा मारला.

मामींनी रिठे भिजत घातले होते. "रेशमी साड्या त्यातच धुते मी, छताला काय होतंय?" रिठ्याचा फेस सौम्य असतो, विचार चांगला होता, म्हणून व्हायझरच्या कडेला लावून पाहिलं. मळ थोडा निघाला, पण रिठ्याच्या पाण्याला स्वतःचा तपकिरी रंग असतो आणि तो पांढऱ्या शिवणीच्या दोऱ्यात उतरला. ते तिथेच थांबवलं. थिनर आणि पेट्रोल या दोन गोष्टी मात्र मी तपासूनही पाहिल्या नाहीत. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट प्लास्टिसायझरमुळे. थिनर डाग काढतो आणि त्याबरोबर हे तेलही ओढून घेतो. आज छत चकचकीत दिसेल, पण पुढे ते कडक होऊन शिवणीपाशी तडकेल.

फेस, पाणी नव्हे

धुराचा चिकटा अल्कलीला सुटतो. एक लिटर कोमट पाण्यात २ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड एक चमचा. पीएचच्या पट्टीवर साडेदहाच्या आसपास आलं. एवढं रेक्झिनला सोसतं आणि दोऱ्यालाही सोसतं.

खरा प्रश्न द्रावणाचा नव्हता, ते वर कसं न्यायचं याचा होता. पसरट भांड्यात द्रावण घेऊन ब्रशनं घुसळलं, आणि वर आलेला फक्त फेस नव्या मऊ बुटाच्या ब्रशच्या टोकावर उचलला. खालच्या पाण्यात ब्रश बुडवलाच नाही. फेस जड नसतो, तो भोकांच्या तोंडाशी थांबतो, आत झिरपत नाही. एका वेळी एक सळी ते पुढची सळी, अर्ध्या रुंदीचा चौकोन. ब्रश हलक्या हातानं गोल फिरवायचा, वीसेक सेकंद थांबायचं, आणि फेस वाळायच्या आत घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचा. मग साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या कापडानं, मग कोरड्यानं. काम थांबवायचं ते शिवणीवरच. चौकोनाच्या मध्ये थांबलात तर तिथे कायमची रेघ दिसते.

पहिलं कापड फेसावरून फिरवलं तेव्हा ते तंबाखूच्या पाण्यासारखं झालं. वास असा सुटला की मामींना मी घरात जायला सांगितलं. त्या पुढच्या अर्ध्या भागावर मी तीन वेळा फिरलो. पहिल्या हाताला रंग फक्त थोडा उजळतो, आणि तिथेच माणूस जोर लावायला लागतो. जोर लावला तर सळ्या वाकतात किंवा कडेच्या भोकातून निसटतात, आणि मग अस्तर लोंबतं. थर हळूहळू मऊ होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताला तो आपोआप सुटतो. सगळ्या छताला मिळून दीड लिटरहून कमी द्रावण लागलं, पण पुसायची कापडं बावीस. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चष्म्याशिवाय हे काम करू नये. वर बघून काम करताना सोड्याचा थेंब सरळ डोळ्यात येतो. मी वेल्डिंगच्या दुकानातला साधा पारदर्शक गॉगल आणि डोक्याला टॉवेल बांधला होता. दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन मान आणि खांदे मोकळे करावे लागत होते.

तेलाच्या डागांनी सकाळी दाद दिली नाही. देवरूखला जानेवारीच्या सकाळी चांगलीच थंडी असते, आणि खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. रेक्झिनवरचा तो थर मेणासारखा झालेला. ब्रश नुसता घसरत होता. दुपारी गाडी तासभर उन्हात ठेवली, मग सावलीत ओढली आणि गरम पाण्यात पिळलेलं कापड डागावर धरून ठेवलं. तेल सुटलं. त्याच्या आत केसांच्या कलपाचे दोन ठिपके होते, ते मात्र रेक्झिनमध्ये मुरलेले. तसेच आहेत.

शेजाऱ्यांची गाडी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचा मुलगा आपली २००५ची गाडी घेऊन आला. "काका, आमचंही करून द्याल का? सामान तर काढलेलंच आहे." मी आत बसून छतावर बोट दाबलं. कापड बोटाबरोबर सरकलं, आणि कडेच्या पट्टीपाशी नारिंगी भुकटी बोटाला लागली. मी त्याला नाही म्हटलं.

त्या गाडीचं छत वेगळ्या जातीचं. साच्यातला कडक पुठ्ठा, त्यावर पातळ पॉलियुरेथेन फोम, फोमवर विणलेलं कापड. उष्णता आणि दमट हवा यांनी असा फोम वर्षानुवर्षं आतून कुजत जातो आणि शेवटी त्याची भुकटी होते. मग कापड कशालाच चिकटलेलं राहत नाही. अशा छताला फेस लावून चोळलं की उरलेला फोम सुटतो आणि कापड फुग्यासारखं खाली येतं. चिकटवायची फवारणीही फार दिवस टिकत नाही, कारण चिकटायला खाली घट्ट काही नसतं. तिथे पुठ्ठा बाहेर काढून, भुकटी घासून, फोमसकट नवं कापड लावणं हाच उपाय. आणि तो पुठ्ठा काचा न काढता दारातून निघतो, त्यामुळे कुशनवाल्याचं एका दिवसाचं काम. म्हणजे जी पद्धत आमच्या गाडीला चुकीची होती, तीच त्याच्या गाडीला बरोबर. अशा छतात फोम घट्ट असेल तर डाग जरूर काढावा, पण ओलसर कापडानं नुसतं टिपून. आधी बोट दाबून बघायचं.

माझी चूक

गंजाच्या रेघा तिसऱ्या दिवसासाठी ठेवल्या होत्या. ब्लीच इथे उलटं काम करतं, गंज निघत नाही आणि दोरा मात्र कमकुवत होतो. गंजाला आम्ल लागतं. वाण्याकडून लिंबूसत्व आणलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. शंभर मिलीलिटर पाण्यात तीन ग्रॅम, आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं फक्त रेघेवर. पाच मिनिटांत रेघ फिकी होते. मग ओल्या कापडानं दोनदा पुसायचं, आणि शेवटचा हात किंचित सोड्याच्या पाण्याचा, म्हणजे आम्ल उरत नाही.

हे शेवटचं का? कारण शिवणीचा दोरा सुती आहे. सुताला अल्कली सोसते, आम्ल सोसत नाही. आम्ल ओलं असेपर्यंत फारसं बिघडत नाही, पण ते दोऱ्यातच वाळलं आणि वर ऊन लागलं की दोरा आतून तुटायला लागतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात नव्या मुलांना मी हेच शिकवायचो.

आणि तरी मागच्या सळीवर ते माझ्याच हातून घडलं. अंधार पडत आला होता, मान दुखत होती, विजेरीच्या उजेडात मी तिथे आम्ल लावलं आणि मामींनी जेवायला हाक मारली. पुसायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत गाडी उन्हात. दार उघडलं तर शिवण चार बोटं उसवलेली. दोरा बुरशीनं आधीच अर्धा गेलेला होता हे खरं, पण त्याला शेवटचा धक्का माझ्या आम्लानं दिला. मामा काही बोलले नाहीत, आणि मला ते जास्त जड गेलं.

रत्नागिरीच्या एका कुशनवाल्यानं ती शिवण अर्धगोल सुईनं, अस्तर न उतरवता, जुन्याच भोकांतून पॉलिएस्टर दोऱ्यानं घातली. पाऊण तास लागला. त्यानं मला एक गोष्ट दाखवली. रेक्झिनला नवी भोकं पाडली असती तर तिकीट भोकांच्या रेघेवरून फाटतं तसं ते तिथून फाटलं असतं. जुन्या भोकांतून एकेक टाका घालायला वेळ लागतो, पण टिकतो. लांबच्या सळ्यांवर थोड्या फिक्या रेघा उरल्या होत्या. त्यानंतर मी त्यांना हात लावला नाही.

बुरशी आणि गुलाबी डाग

बुरशीवर कोरडा ब्रश मारायचा नाही, बीज सगळ्या गाडीत उडतं. मास्क लावून, चारही दारं उघडून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलं केलेलं कापड एकदा फिरवलं, घडी उलटून पुन्हा एकदा, आणि ते कापड टाकून दिलं. रेक्झिनवर अल्कोहोल वारंवार वापरणं बरं नाही, पण एकदा चालतं. काळे ठिपके गेले.

गुलाबी डाग हलला नाही, आणि तो हलणार नव्हताच. ओलसर फेल्टमध्ये वाढणारे काही सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. ते पीव्हीसीतल्या प्लास्टिसायझरमध्ये विरघळतं आणि पाठीमागून पुढे येतं. म्हणजे डाग रेक्झिनच्या वर नसतो, रेक्झिनच्या आत असतो. खालून कितीही पुसा. मामांनी विचारलं, रंग मारू का त्यावर? विनाइलचा रंग मिळतो, पण एवढ्या तुकड्यावर मारला तर तेवढाच ठिगळासारखा दिसेल, आणि सगळ्या छतावर मारला तर भोकं बुजतील. आम्ही तो तसाच ठेवला.

वरून काहीही चमक आणणारं पॉलिश लावलं नाही. डॅशबोर्डवर लावतात ते सिलिकॉनचं द्रव छताला लावलं की धूळ त्यालाच चिकटते.

वास

रंग सुधारला हे डोळ्यांना दिसत होतं. पण काम निघालं होतं वासासाठी. छत वाळल्यावर दोन टेबलफॅन दारांत लावून दिवसभर वारा खेळवला, रात्री गाडी बंद केली, आणि सकाळी मामींनी दार उघडून नाक आत घातलं. "अर्धा गेलाय," त्या म्हणाल्या. प्रामाणिक उत्तर होतं. बाकी वास फेल्टमध्ये आणि सीटमध्ये होता. ओझोनचं मशीन लावून घ्या असं एकानं सुचवलं होतं, पण ओझोन नैसर्गिक रबराला तडे पाडतो, आणि या गाडीची रबरं वाचवण्यासाठीच तर आम्ही अस्तर बदललं नव्हतं. त्याऐवजी सीट बाहेर काढून चार दिवस उन्हात ठेवल्या. नारळाच्या करवंटीपासून केलेला ॲक्टिव्हेटेड कोळसा दोन किलो मागवला आणि उथळ ताटांत घालून रात्रीपुरता गाडीत ठेवायला सांगितला. मामांनी ते महिनाभर न चुकता केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मामी त्या गाडीतून रत्नागिरीला गेल्या. काचा थोड्या खाली होत्या, दम्याचा पंप बरोबर घेतला होता, तो काढावा लागला नाही.

या कामाची खरी परीक्षा पावसाळ्यात होती. मामा गाडीवर निळं प्लास्टिक टाकायचे, आणि त्याच्याखाली जमिनीची वाफ कोंडून राहायची. ते काढायला लावलं. गाडी मांगराच्या, म्हणजे शेडच्या, छपराखाली घेतली, वर नुसतं सुती कापड, आणि चारही काचा दोन बोटं उघड्या. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस थांबलेला बघून, दारं उघडून तासभर पंखा. ऑक्टोबरात मी गेलो तेव्हा विजेरी घेऊन प्रत्येक शिवण पाहिली. पन्हाळीखालची कड कोरडी. नवी शिवण ताठ. मागच्या कोपऱ्यात गुलाबी डागाशेजारी बुरशीचे सहा-सात ठिपके पुन्हा आले होते. तिथलं फेल्ट अजून ओल धरतं आहे. ते काढायला मागची काच उतरवावी लागेल, आणि काचेचं नवं रबर हातात आल्याशिवाय तिला हात लावायचा नाही असं आमचं ठरलं आहे. मामा रबर शोधत आहेत.